सुमनबाईंचे जप्त हात

हे मी आजपर्यंत कोणाला बोललेले नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. देवालाही नाही — त्याला कळलं असेल तर असेल, मी आपणहून सांगायला गेले नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुमच्यासमोर मला रोज जेवायला बसायचं नाही.

आधी एक सांगून टाकते. ही रडायची गोष्ट नाही. आमच्या घरात सध्या इतकं हसणं चालतं की शेजारीण भिंतीवर लाटणं वाजवते. माझी नात जुई नऊ वर्षांची आहे. आत्ता, मी हे लिहीत असताना, ती अंगणात शाळेच्या गॅदरिंगचा नाच बसवते आहे. तेच गाणं, सकाळपासून. तिचा डावा पाय तालाच्या जरा मागून पडतो. पडला की ती स्वतःच ओरडते — "आउट नाही, आउट नाही!" नाचात कसलं आलंय आउट? पण गल्लीतली पोरंही आता ते मान्य करतात. ही पोरगी चालेल की नाही हे एकेकाळी कोणी छातीठोक सांगत नव्हतं. तेव्हा एक पाय मागून पडतो, तर पडू दे.

म्हणजे सगळं चांगलं झालेलं आहे. मग आता बोलायचं कशाला, असं तुम्ही म्हणाल. मीही इतकी वर्षं तेच म्हणत आले.

आमची गल्ली विणकरांची. माझं शिक्षण चौथी. पुढे बापाच्या मागासाठी कांड्या भरल्या, लग्नानंतर नवऱ्याच्या मागासाठी भरल्या — मागावर आडवा दोरा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यात बसवायच्या कांड्या, एवढंच मला नीट येतं. नवरा गेला, माग विकला. मागाचा खड्डा बुजवला, त्यावर आता फ्रिज उभा आहे. मुलगा दिनेश बुटीबोरीला सुताच्या कारखान्यात जातो. सून वैशाली सावनेरची. आणि तिची आई सुमनबाई, म्हणजे माझी विहीण. हे नाव ध्यानात ठेवा. सगळं त्यांच्यापाशीच येऊन थांबणार आहे.

जुई तान्ही होती तेव्हापासून सकाळी उपाशीपोटी तिचे डोळे भलतीकडे फिरायचे. मग झटके सुरू झाले. औषधं झाली, अंगारे झाले, एका बाईनं लिंबू उतरवलं त्याचेही पैसे तिनं घेतले. काही फरक नाही. चालायला लागली ती दारू प्यायल्यासारखी, भिंत धरून. बोलणं तर नाहीच. मी सुनेला म्हटलं, हे तुझ्या माहेरचं आहे, आमच्याकडे असं कोणी नाही. म्हटलं, आणि एकदाच नाही. मी गोड बाई नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

शेवटी एका मोठ्या दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. वयानं माझ्या पोरीसारख्या, केस आखूड, बोलणं सरळ. त्यांनी जुईच्या पाठीतून पाणी काढून तपासलं. रक्तात साखर चांगली भरपूर होती. पण मेंदूभोवतीच्या त्या पाण्यात साखर फारच कमी. साखर दारापर्यंत पोचते, आत जात नाही, असं त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "साखरेले कोण अडवते?"

त्यांनी आम्हाला बसवून समजावलं. मला ते सगळं आठवतं, कारण मला ते आवडलं. खोटं कशाला सांगू — पोर आजारी असताना मला मजा वाटली. त्या म्हणाल्या, शरीरातल्या प्रत्येक पेशीची भिंत स्निग्ध असते, तेलासारखी. साखर पाण्यात विरघळते, तेलात नाही, म्हणून आपली आपण ती भिंत ओलांडू शकत नाही. (घरी येऊन मी वाटीभर तेलात साखर टाकून ढवळली. बसली तळाला, हट्टानं. त्याच तेलात मग भजी केली.) म्हणून भिंतीत साखरेपुरती दारं असतात. आणि दार म्हणजे काय? एकच लांब दोरा. भिंतीतून आत-बाहेर, आत-बाहेर असा बारा वेळा ओवलेला, आणि दोन्ही टोकं आतल्या अंगाला.

"टोकं आत काहून?" मी विचारलं.

त्या हसल्या. "तशीच असतात, आजी."

मला पटलं. चांगल्या कामाची टोकं बाहेर दिसतच नाहीत.

मग त्यांनी दोन्ही तळहात समोरासमोर धरले. मनगटं टेकलेली, बोटं फाकलेली. वरून साखरेचा एक कण येऊन मध्ये बसतो. लगेच बोटांची टोकं जुळवली आणि मनगटं उघडली — कण खालून आत गेला. पुन्हा बोटं उघडली, मनगटं मिटली. एक तोंड उघडं असताना दुसरं बंद. दोन्ही एकदम कधीच उघडत नाहीत. मी त्या हातांकडे बघतच राहिले. अहो, हा तर माग! पायाखालची एक फळी दाबली की उभ्या दोऱ्यांचं तोंड उघडतं, धोटा पार होतो. दुसरी दाबली की ते मिटतं, दुसरं उघडतं. माझं अर्धं आयुष्य त्या आवाजाशेजारी गेलं, आणि तोच खेळ माझ्या डोक्यात, सगळ्यांच्या डोक्यात, बिनआवाजाचा चाललाय? आणि त्याला जोरही लावावा लागत नाही, त्या म्हणाल्या. जिकडे साखर जास्त तिकडून जिकडे कमी तिकडे ती आपसूक जाते. दारानं फक्त डुलायचं.

तो लांब दोरा म्हणजे खरं तर बारीक मण्यांची माळ, आणि जुईचं एवढंच झालं होतं की त्यात एका जागी मणी चुकीचा ओवला गेला होता. त्यामुळे वळण बिघडलं. प्रत्येकाला या दाराचे दोन नमुने मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. जुईचा एक धड, एक बिघडलेला. म्हणून निम्मी दारं डुलतात, निम्मी अडकतात. आणि हा चुकीचा मणी आईचाही नाही, बापाचाही नाही, तो गर्भ धरतानाच आपोआप पडला, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हा वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. मी छतावरचा पंखा पाहिला.

उपाय? उपाय ऐकून आम्हाला वाटलं, बाई थट्टा करतात. पोरीला साखर नाही, भात नाही, पोळी नाही. लोणी, साय, खोबरेल, अंडी, पनीर — स्निग्धच स्निग्ध. त्यापासून शरीर दुसरं एक जळण बनवतं, आणि ते मेंदूत दुसऱ्या दारानं जातं. जुईचं ते दुसरं दार धडधाकट होतं. फक्त साखर पोटात गेली की ते जळण बनणं बंद पडतं. म्हणून एक कणही चोरून द्यायचा नाही. त्यांनी "चोरून" हा शब्द वापरला, आणि दोघी आज्यांकडे एकेकदा बघितलं. सुमनबाईही तेव्हा आलेल्या होत्या.

मग आमच्या घरात लोण्याचं राज्य सुरू झालं. वैशाली काट्यावर प्रत्येक घास तोलायची. सोनार बरा, इतकी ती पक्की. जुईच्या लघवीत रोज एक कागदी पट्टी बुडवायची. दुसरं जळण बनत असेल तर पट्टी जांभळी होते. पहिले काही दिवस पट्टी पांढरटच. आणि मग एका सकाळी ती जांभळी झाली — आमच्या जुन्या लुगड्यांच्या काठाला असायचा तसा गर्द जांभळा. वैशाली पट्टी हातात धरून तशीच गल्लीत धावली. समोरच्या काकू ओसरीवर दात घासत होत्या.

"काय वं, दुसरं लेकरू हाय का?"

"नाही वं काकू, पहिलीचंच आहे!"

काकूंना काही उमजेना. पण आनंद दिसत होता, म्हणून त्या म्हणाल्या, "मंग पेढे काढ!" आणि वैशाली रस्त्यात उभी राहून हसता हसता खाली बसली. पेढे! आमच्या घरात पेढे! झटके थांबत आले. तो काळ, तुम्हाला सांगते, दिवाळीसारखा होता.

इथपर्यंत माझं काही चुकलेलं नाही. इथून पुढचं सांगायचं मी टाळत आले. पण आता मागे फिरून काय करू?

झटके थांबले, पण पोर बोलत नव्हती. तीन वर्षांची झाली तरी नुसते आवाज. आणि मी डॉक्टरीणबाईंच्या त्या हातांचा विचार करत बसायची. निम्मी दारं चालतात ना? साखर जास्त असेल तिकडून कमी असेल तिकडे जाते ना? मग बाहेर साखर वाढवली तर आत जास्त जाईल, हे साधं गणित त्यांना कसं सुचत नाही? बसच्या दारात गर्दी वाढली की चार माणसं जास्त चढतातच की. मेंदू साखरेवर बोलतो, आणि ह्या पोरीची साखरच तोडतात, मग ती बोलेल कशी? मला वाटलं, मला जास्त कळलं. चौथी शिकलेली मी, पण माग माझा होता ना!

माझ्या सुपारीच्या डब्यात एका कप्प्यात खडीसाखर असायची. वासाचं नाव नाही, चुऱ्याचं नाव नाही, तोंडात धरली की विरून जाते.

तर — मी दिली. एक खडा. वैशाली वाळवणं उलटवायला गच्चीवर गेली होती. जुईनं तो खडा जिभेवर घेतला आणि तिचे डोळे एवढाले झाले. मग तोंड हलवत हलवत ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी."

स्पष्ट. अगदी स्पष्ट.

तिचा पहिला शब्द तो. मी तिला उचलून घरभर नाचले, या वयात, या गुडघ्यांनी. वैशाली धावत खाली आली. "काय झालं, आई?" मी म्हटलं, "मले आजी म्हणाली!" वैशाली रडायला लागली, आनंदानं. तिला अजून "आई" अशी हाक आलेली नव्हती. मला पहिली आली. तुम्हाला काय वाटतं, मला वाईट वाटलं का? नाही. मला बरं वाटलं. तो दिवस माझ्या आयुष्यातल्या सुखाच्या दिवसांपैकी एक आहे, आजही आहे, आणि तो चोरीचा आहे.

मग मी थांबेन कशी? खडा मिळाला की पोर थोडा वेळ टवटवीत दिसायची, मांडीवर चढायची, आजी-आजी करायची. एकाचे दोन झाले, दोनाचे चार. इतर कोणाकडे ती इतकी येत नसे. मी म्हणायची, बघा, पोरीला माणूस कळतं.

पट्टी फिकी पडायला लागली. वैशालीनं काटा बदलला. दात घासायची पेस्ट फेकली. खोकल्याचं औषध फेकलं. भाजीवालीशी भांडली. एकेक अक्रोड हातात धरून बघायची, जणू अक्रोडच काही लपवतोय. "आई, माहं कुठं चुकून राहिलं?" असं ती मला विचारायची — मला! आणि मी म्हणायची, "चुकते एखाद्या वेळी. माणूस आहेस."

नेमक्या त्या दिवसांत सुमनबाई सावनेरहून आठवडाभर राहायला आल्या. गोड, मऊ बाई. सावनेरच्या खाणीत नवऱ्यानं जन्म काढला, त्या घरातून हलल्या नाहीत, सगळं जग त्यांना आपल्या लेकीएवढंच. येताना त्यांनी तिळाचे लाडू आणले होते. आल्या आल्या जुईपुढे एक लाडू धरला, सगळ्यांच्या देखत, भाबडेपणानं — वैशालीनं हात पकडला. "माय! विसरली काय?" त्यांनी जीभ चावली. लाडू परत डब्यात. बस, एवढंच. पण हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

दोन दिवसांनी दुपारी जुई सुमनबाईंच्या मांडीवर होती आणि तिला झटका आला. मोठा. कितीतरी महिन्यांनी. तोंडातून फेस, बोटं वळलेली. त्याआधी थोडा वेळ ती माझ्याकडे होती. माझ्याकडे का होती, हे आता तुम्हाला सांगायला नको.

दवाखान्यातून आणली. संध्याकाळी पट्टी बुडवली, तर जांभळ्याचा मागमूस नाही. वैशालीनं पट्टी आईसमोर धरली.

"माय, खरं सांग. तू देल्लं काही?"

"नाही वं. लेकराची आन."

दिनेश कधी सासूपुढे आवाज चढवत नाही. त्या दिवशी म्हणाला, "मंग काय भिंतीनं देल्लं?"

सुमनबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग लेकीकडे. "मी नाही देल्लं," एवढंच पुन्हा. आणि मी कुठे होते? मी तिथेच होते, खाटेवर, सुपारी कातरत. डबा माझ्या मांडीवर होता, खडीसाखर त्या डब्यात होती. एक शब्द पुरला असता. मी बोलले, पण दुसरंच बोलले. मी म्हणाले, "जाऊ द्या ना. आजीचं काळीज असते. तिले आता बोलू नका."

ऐकलंत? मी त्यांना माफ केलं. मी! आणि माझ्या मुलानं माझ्याकडे किती मानानं पाहिलं, ते मी विसरू शकत नाही. वैशाली म्हणाली, "तुमी आहात म्हणून, आई."

सुमनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं का? मला तेव्हाही समजलं नाही, आजही समजत नाही. दुसऱ्या दिवशी त्या सकाळच्या बसनं गेल्या. त्यांची पिशवी मीच भरून दिली. तिळाचे लाडूही आठवणीनं घातले.

पुढच्या तपासणीला मी हट्टानं सोबत गेले. डॉक्टरीणबाईंना विचारलं, आडून — आमच्या गल्लीत एक बाई म्हणते, निम्मी दारं आहेत तर साखर दुप्पट द्या, रेटा वाढेल. त्यांनी पुन्हा हात जुळवले. "आजी, एक दार एका वेळी एकच कण नेतं. दारं आधीच कामात आहेत. बाहेर गर्दी वाढवली तर गर्दी बाहेरच थांबते. आणि ती गर्दी दुसरं जळण बंद पाडते. मग पोरीला ना हे मिळत, ना ते. तुमच्या त्या बाईला सांगा — अशानं ती पोरीला दोन्हीकडून उपाशी ठेवेल."

धोटा एकच असतो. पाय कितीही वेगानं मारले तरी धोटा एकच. हे मला कळायला हवं होतं, आणि मला ते कळलं — तिथे, त्या खुर्चीत, एका क्षणात. घरी येऊन मी खडीसाखर मोरीत ओतली आणि वर पाणी सोडलं. त्यानंतर एक खडाही दिला नाही.

आणि आता पुढचं ऐका. मी थांबले, म्हणून पट्टी जांभळी झाली. चांगली गर्द. आणि सगळे काय म्हणाले? "बघा. माय गेली आन पट्टी सुधारली." म्हणजे माझं थांबणं हाच सुमनबाईंविरुद्ध पुरावा झाला. तेव्हा तरी बोलायचं होतं. मी म्हणाले, "झालं गेलं." पट्टी जितकी जांभळी, तितक्या सुमनबाई खोट्या — आणि मी रोज सकाळी ती पट्टी बघून खूश व्हायची. खरंच खूश व्हायची! पोर सुधारत होती ना! शब्द यायला लागले, साखरेशिवाय, लोण्यावर. "आई" आलं. "बाबा" आलं. "नको" तर असं आलं की थांबेचना. दोन्ही गोष्टी एकाच पोटात राहतात, हे मला तेव्हा कळलं.

सुमनबाई दोन वर्षं आल्या नाहीत. फोन यायचा, वैशाली आखडून बोलायची. सणाला बोलावणं गेलं नाही. त्या बाईनं नातीला भिंत सोडून चालताना पाहिलं नाही, पहिल्यांदा सायकलवर बसताना पाहिलं नाही. ते सगळं मी पाहिलं, माझं आणि तिचं, दोन आज्यांचं एकटीनं.

जुईच्या शाळेच्या पहिल्या दिवशी मात्र त्या आपणहून आल्या, न बोलावता. दारात उभ्या राहिल्या, दोन्ही हात पाठीमागे धरले आणि म्हणाल्या, "पोरीले पाह्याले आली. माहे हात जप्त करा, आन मले आत घ्या."

काय करणार? आधी दिनेश हसला, मग वैशाली हसता हसता रडली आणि गळ्यात पडली. जुईला तर तो खेळच वाटला. तिनं रिबीन आणून खरोखर सावनेरआजीचे हात बांधले. तेव्हापासून आमच्या घरातली ही मोठी थट्टा आहे. सुमनबाई आल्या की जुई ओरडते, "हात जप्त!" आणि त्या मुकाट हात मागे घेतात. जुई जेवत असली की त्या हात पदराखाली घेऊन, लांब बसतात. पोर समोर खात असते, पण तिच्या ताटाला त्यांचं बोट लागत नाही. कधीच नाही. सगळे हसतात. मीही हसते. इतकी वर्षं मी त्या थट्टेवर हसते आहे, आणि चांगली मोठ्यानं हसते.

मागच्या महिन्यात जुईचा वाढदिवस झाला. वैशालीनं पनीर, साय, अंडी आणि खोबऱ्याचा केक केला होता, तोलून मापून. दिसायला विटेसारखा, पण पोरीला आवडतो. तिनं आधी आम्हाला सगळ्यांना उभं करून आपला आजार समजावला — हे ती शाळेतही करते. तळहात जोडते, बोटं उघडते, "हे माझं दार. साखर बाई इथं बसल्या. आता बोटं मिटली, खालून उघडलं, साखर बाई गेल्या." मग हात अर्धवट अडकवते आणि डोळे फिरवते, "आन हे माझं नाटकी दार!" मास्तरही हसतात म्हणे. मी तर तिच्याकडे बघतच राहते. ज्या हातांकडे मी एकदा चुकीचं बघितलं, तेच हात ही पोर रोज बरोबर करून दाखवते.

केक कापला आणि ती हट्टाला पेटली. "सावनेरआजीनं भरवायचा. आज हात सोडले."

"नको वं माय," सुमनबाई म्हणाल्या. हात मागेच. "तुह्या आजीच्या हातानं खा. तिचे हात चांगले आहेत."

त्यात टोमणा होता का? मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. काही नव्हतं. साधं म्हणाल्या. आणि वैशालीनं केकचा तुकडा माझ्या हातात ठेवला. मी तो जुईच्या तोंडात घातला. टाळ्या झाल्या. फोटो निघाला. तो फोटो आता भिंतीवर आहे: मध्ये जुई, गाल फुगलेले, हसताना डोळे मिटलेले — असं सुखी पोर तुम्ही पाहिलं नसेल. तिच्या तोंडाशी माझा हात. आणि कडेला सुमनबाई, हसताहेत, हात पाठीमागे.

मी तो फोटो रोज बघते. पोरीचं तोंड बघते आणि मला आनंद होतो. मग कडेला बघते.

उद्या गॅदरिंग आहे. सुमनबाई दुपारच्या बसनं येतील. नाच बघून सगळे इथेच जेवायला बसतील. जुईचं ताट वाढायच्या आधी मी सांगणार आहे. खडीसाखर मी देत होते, सुपारीच्या डब्यातून. झटका माझ्यामुळे आला. सुमनबाईंनी काही दिलं नव्हतं, त्या खरं बोलत होत्या, आणि ते मला त्याच वेळी माहीत होतं. एवढीच वाक्यं आहेत. मी ती सकाळपासून मनात म्हणते आहे, त्या गाण्याच्या वर.

मग पोरीला घास कोणी भरवायचा, ते त्या ठरवतील. मी माझे हात मागे घेऊन लांब बसेन.